तंजावरचा वाघ आणि कायद्यातले सिंह

बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त केंद्र सरकारने हजार रुपयांचं स्मारक नाणं काढलं. एका अंगाला राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं मंदिर, दुसऱ्या अंगाला सारनाथचे सिंह. त्याआधी १९५४च्या हजाराच्या नोटेवरही हीच जोडी होती. ती नोट जानेवारी १९७८ मध्ये चलनातून गेली. ज्या राजाने मंदिर बांधलं त्याचा वाघ मात्र दोन्हीकडे नाही, आणि असायचं कारणही नाही. नाणं पाडण्याचा अधिकार ज्याचा, चिन्ह त्याचं. राजराजाच्या काळी हाच नियम होता, व्यंकोजीराजांच्या काळी हाच होता आणि प्रजासत्ताकातही हाच आहे. या नियमाला कायद्याची चौकट कधी मिळाली, तिने काय राखलं आणि काय उघड्यावर सोडलं, हे पाहायला तंजावरसारखी दुसरी जागा नाही. चोळ, नायक, मराठे, कंपनी सरकार, विलायतेची राणी आणि भारतीय संघराज्य, अशा सगळ्यांचे शिक्के या एका गावावर उमटले आहेत.

चोळांचा शिक्का आधी नीट पाहू. चोळांचे ताम्रपट म्हणजे भोकं पाडलेल्या तांब्याच्या पत्र्यांची चळत. सगळे पत्रे एका जाड कडीत ओवायचे आणि कडीची दोन टोकं जिथे जुळतात तिथे राजमुद्रेचा गोळा ओतून बसवायचा. मुद्रा फोडल्याशिवाय एकही पत्रा काढता येत नाही की घुसवता येत नाही. मुद्रेवर बसलेला वाघ, त्याच्या शेजारी दोन मासे, जोडीला धनुष्य, वर छत्र आणि बाजूला चवऱ्या. वाघ चोळांचा, मासे पांड्यांचे, धनुष्य चेरांचं. शेजारच्या दोन राज्यांची चिन्हं आपल्या मुद्रेत ओढून घेतली की ती राज्यं जिंकल्याची द्वाही वेगळी फिरवावी लागत नाही. नागपट्टणच्या बौद्ध विहाराला दिलेल्या गावाचा असा एक मोठा ताम्रपट हॉलंडमधल्या लायडनला गेला आणि त्या शहराच्या नावानेच अभ्यासकांत ओळखला जातो. म्हणजे मुद्रेची दोन कामं होती. एक मिरवण्याचं, दुसरं कागद शाबूत राखण्याचं. कायद्याचा संबंध खरा दुसऱ्याशी. पहिल्यावर भांडणं होतात, दुसऱ्यावर खटले.

मराठ्यांनी हेच दुसरं काम आणखी बारकाईने केलं. मराठेशाहीतल्या पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा, आणि मजकूर संपला की तिथेच मोर्तब. मोर्तब उठल्यावर त्याखाली कोणी एक ओळ वाढवली तरी ती खोटी ठरणार. आजही एखादा निर्णय पक्का झाला की आपण शिक्कामोर्तब झालं म्हणतो. दोन्ही ठसे उठल्याशिवाय कागदाला किंमत नव्हती, त्याची ही शिल्लक. शिवाजी महाराजांनी शिक्का संस्कृतात घडवला हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकाच्या मध्याला तंजावर घेतलं आणि तिथे पुढची पावणेदोनशे वर्षं भोसल्यांच्या दरबाराचा कारभार मोडीत चालला. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. एवढा लांबलचक मराठी शिलालेख महाराष्ट्रात नाही, तो कावेरीकाठी आहे. सरफोजींच्या ग्रंथसंग्रहाचं सरस्वती महाल ग्रंथालय झालं, ते १९१८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तिथे आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठात मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत.

हे वैभव दिसताना मोठं दिसतं, पण सरफोजी गादीवर आले तेव्हाच मुद्रेचा अंमल आकसला होता. तंजावरचे आधीचे राजे तुळजा यांनी १७८७ मध्ये सरफोजींना दत्तक घेतलं. ते दत्तविधान शास्त्राला धरून नाही असं ठरवून अमरसिंगांना गादी मिळाली, आणि अकरा वर्षांनी तेच दत्तविधान शास्त्राला धरून आहे असं ठरून सरफोजींना मिळाली. शास्त्र तेच होतं, बदलली ती कंपनीची सोय. १७९९च्या तहाने मुलूख कंपनीकडे गेला आणि राजाचा हुकूम तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासपुरता उरला. म्हणजे छप्पन वर्षं मुद्रा होती, दरबार होता, आणि मुद्रेचं राज्य एका तटबंदीत मावत होतं. ब्रिटिश काळात अनेक संस्थानांचं पुढे जे झालं, त्याची रंगीत तालीम तंजावरात झाली म्हणायला हरकत नाही.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी तंजावरचे राजे शिवाजी वारले. मागे मुलगा नव्हता. सातारा, नागपूर, झाशी यांच्यानंतर तंजावरचीही गादी खालसा झाली. पुढे जे घडलं ते आपल्याकडच्या इतिहासलेखनात एखाद्या ओळीत आटोपतं, कायद्याच्या पुस्तकांत मात्र त्याला मानाचं पान आहे. १८ ऑक्टोबर १८५६ रोजी कंपनीचे कमिशनर फोर्ब्स फौज घेऊन राजवाड्यात शिरले आणि त्यांनी राजाची सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. त्यात राज्याची कोणती आणि घरची कोणती, हा भेद केला नाही. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. जॉन ब्रूस नॉर्टन हे नामांकित बॅरिस्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले. मद्रासला राणी जिंकल्या. सरकार प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेलं आणि तिथे १८५९ मध्ये लॉर्ड किंग्सडाउन यांनी निकाल फिरवला. ही जप्ती म्हणजे एका सत्तेने दुसऱ्या सत्तेवर केलेली राजकीय कृती, ती न्याय्य असो वा अन्यायाची, तिची तपासणी करणं कोर्टाच्या कक्षेत येत नाही, असा त्याचा आशय. पुढे १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांना परत दिली, पण हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

हा खटला दागिन्यांचा आणि हत्तीघोड्यांचा असला तरी आपल्या विषयाचं मूळ त्यातच आहे. राजचिन्हाला संरक्षण देतं राज्य. राज्यच बुडालं तर चिन्हाची दाद मागायला कोर्ट उरत नाही. ३० ऑक्टोबर १८५५च्या सकाळी तंजावरच्या मुद्रेचा धातू तोच होता, अक्षरं तीच होती, पण तिने उठवलेल्या ठशाला बाजारात दमडीची किंमत नव्हती. मुद्रा अशी मरते. तिला कोणी वितळवावं लागत नाही.

वाचलेल्या संस्थानांचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. १८७७च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीच्या नावाने संस्थानिकांना रेशमी निशाणं वाटली. त्यांवर ढाल, वर शिरस्त्राण किंवा मुकुट, दोन बाजूंना आधार धरून उभे प्राणी, खाली ब्रीद, असा थेट युरोपीय थाट. ही चिन्हं बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने रचली होती. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे या मराठी दरबारांनीही ती स्वीकारली. पिढ्यान्‌पिढ्या संस्कृत किंवा फारसी मुद्रेवर चाललेले दरबार एका समारंभात ढालवाले झाले. आपल्या जुन्या राजवाड्यांच्या फाटकांवर जे ‘पुरातन’ राजचिन्ह दिसतं, ते पुष्कळदा तेवढंच जुनं असतं. १९७१च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता संपली, तनखे संपले, आणि ही चिन्हं घरगुती झाली. आज ती हॉटेलांच्या रुमालांवर दिसतात. त्याला कायद्याची हरकत नाही.

आता प्रजासत्ताकाकडे येऊ. सारनाथचं सिंहशीर्ष १९०४-०५च्या उत्खननात सापडलं. २६ जानेवारी १९५० रोजी ते भारताचं राजचिन्ह झालं. पण कशाने झालं? संविधानात राजचिन्हावर एकही कलम नाही. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर सांगितला आहे, राजचिन्हाचा नाही. राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखणारा १९७१चा कायदा ध्वज, संविधान आणि राष्ट्रगीत यांच्यासाठी आहे. तिथेही सिंह नाहीत. सरकारने निर्णय घेऊन चिन्ह स्वीकारलं आणि वापरायला लागलं, एवढंच.

संरक्षण मिळालं ते मागच्या दाराने, आणि व्यापाराच्या निमित्ताने. बोधचिन्हं व नावं यांचा गैरवापर रोखणारा कायदा १९५० सालीच झाला. केंद्राची पूर्वपरवानगी असल्याशिवाय अनुसूचीतलं चिन्ह किंवा नाव धंद्यासाठी, व्यापारचिन्हासाठी वा पेटंटच्या शीर्षकासाठी वापरायचं नाही, असं तो सांगतो. अनुसूचीत भारत सरकारचं आणि कोणत्याही राज्य सरकारचं चिन्ह, शिक्का, मानचिन्ह आलं. दंड कितीचा? पाचशे रुपयांपर्यंत. त्यातही केंद्राची मंजुरी मिळाल्याखेरीज खटला नाही. १९५० साली पाचशे ही रक्कम बरी असेल; पुढे ती एका नामफलकाच्या खर्चालाही पुरेना. शिवाय कायदा बोलत होता धंद्याबद्दल. माजी खासदाराने लेटरहेडवर सिंह छापले, एखाद्या ‘राष्ट्रीय’ नावाच्या खाजगी संस्थेने ओळखपत्रांवर ते चढवले आणि ओळखपत्रधारक टोलनाक्यावर ते दाखवू लागला, तर त्याला या कायद्याने गाठणं जड जात होतं.

म्हणून पंचावन्न वर्षांनी, २००५ मध्ये, फक्त राजचिन्हासाठी स्वतंत्र कायदा आला आणि २००७ मध्ये त्याचे नियम. या कायद्याच्या अनुसूचीत चिन्हाचं वर्णन आहे. समोरून तीन सिंह दिसतात, चौथा मागे. बैठकीच्या मधोमध चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा, दोन्ही टोकांना पुढच्या चक्रांच्या कडा. मूळ स्तंभातलं घंटेच्या आकाराचं कमळ गाळलेलं. खाली देवनागरीत ‘सत्यमेव जयते’, आणि तेही चिन्हाचाच भाग. म्हणजे ब्रीदाशिवाय छापलेले सिंह अपुरे. वाचकांनी गावातल्या मोटारींच्या काचा आणि संस्थांचे फलक एकदा या नजरेने पाहावेत. निम्म्या सिंहांना ब्रीद नसतं, आणि ज्यांना असतं त्यांतल्या बऱ्याच जणांना ते वापरायचा हक्क नसतो.

हक्क कोणाला, याची नियमांत यादी आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, मंत्री, न्यायाधीश, संसद आणि विधिमंडळाचे सदस्य, सरकारी खाती. मोटारींवर तर आणखी मोजक्याच पदांना. माजी मंत्री, माजी खासदार-आमदार, निवृत्त न्यायाधीश आणि अधिकारी यांना मनाई आहे. अधिकार दिलेला नसेल तर नगरपरिषद, पंचायत राज संस्था, बँक, विद्यापीठ, स्वयंसेवी संस्था, कोणालाही नाही. या शेवटच्या ओळीने महाराष्ट्रातल्या किती सरपंचांची लेटरहेडं बाद होतील याचा हिशेब न केलेला बरा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गैरफायदा उकळण्यासाठी केलं असेल तर किमान सहा महिने कैद. पण इथेही पूर्वमंजुरीची अट आहेच, आणि कागदावरची ही दोन वर्षं बहुतेक कागदावरच राहतात.

तंजावरच्या एखाद्या कारागिराच्या पाटावर हा कायदा ठेवून पाहा. तंजावरची कलाथाळी सरफोजींच्या काळापासून चालत आलेली. पितळेच्या तबकावर तांबं आणि चांदी ठोकून उठाव काढायचा, मधोमध देव किंवा मोर. तिला आणि तंजावरच्या चित्रांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ‘तंजावर’ हे नाव आता कायद्याने राखलेलं आहे. या कारागिराने थाळीच्या मध्यभागी चोळांचा वाघ काढला तर तो विकायला मोकळा. शिवरायांची मुद्रा अष्टकोनात कोरली तरी या कायद्यांची आडकाठी नाही. सारनाथचे सिंह काढून दुकानात मांडले, तर परवानगी नसल्यास तो गुन्हा. एकाच थाळीवर तीन राज्यांची चिन्हं, आणि पोलिसांचा संबंध फक्त तिसऱ्याशी.

मराठी माणसाला यातली दुसरी थाळी खुपेल, आणि तिचा इतिहास आहेच. १९५०च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र यांचाही समावेश झाला. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीची ‘छत्रपती शिवाजी’ या नावाची बिडी होती. वर्षानुवर्षं चालत आलेलं आपलं व्यापारचिन्ह एका अधिसूचनेने कसं काढून घेता, व्यवसायाच्या स्वातंत्र्याचं काय, असा सवाल कंपनीने सर्वोच्च न्यायालयात केला. १९७५ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. बिडीवर महाराजांच्या जागी पुढे संभाजी महाराजांचं नाव दिसू लागलं, कारण ते अनुसूचीत नव्हतं. त्या नावावर २०२० मध्ये आंदोलन झालं आणि शेवटी ती ‘साबळे बिडी’ झाली. या दुसऱ्या फेरीत कायदा नव्हता, लोकांचा रेटा होता. पहिल्या फेरीला लागली कोर्टाची वर्षं. दुसरी काही महिन्यांत निकाली निघाली. भावनेच्या प्रश्नात अनुसूचीपेक्षा गिऱ्हाईक जास्त चालतं, हे यातून दिसतं, मग ते कोणाला आवडो न आवडो.

नाव आणि चित्र अनुसूचीत आहे, पण मुद्रा? तिचा नावाने उल्लेख नाही. तरी ती पुरती उघड्यावरही नाही. महाराष्ट्र शासनाच्या गोल शिक्क्यात समई आहे आणि तिच्याभोवतीचं संस्कृत ब्रीद शिवमुद्रेवरूनच बेतलेलं आहे. फक्त शहाजीपुत्राच्या जागी महाराष्ट्र राज्य आलं. राज्याचा शिक्का म्हणून त्याला १९५०च्या कायद्याचं छत्र मिळतं. म्हणजे मुद्रेच्या वारसाला संरक्षण आहे, मूळ मुद्रेला नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला विक्रांत नौका दाखल झाली त्याच दिवशी नौदलाचं नवं निशाण आलं; त्यातल्या अष्टकोनी चौकटीची प्रेरणा शिवमुद्रा असल्याचं सांगण्यात आलं. २३ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने झेंड्यावर राजमुद्रा घेतली तेव्हा आक्षेप निघाले, तक्रारी गेल्या. राजमुद्रा पक्षाच्या झेंड्यावर असावी का, हा औचित्याचा प्रश्न आहे आणि त्यावर माझं मत नको असंच आहे. पण त्या मताला कायद्याचा टेकू शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.

तमिळनाडूचं चिन्ह या सगळ्यात वेगळं. १९४९ मध्ये, मद्रास प्रांताच्या काळात, मदुरैचे चित्रकार आर. कृष्णराव यांनी ते काढलं. सिंहशीर्ष, दोन राष्ट्रध्वज आणि मागे गोपुर. गोपुर श्रीविल्लिपुत्तूरचं की मदुरैच्या मीनाक्षी मंदिराचं, यावर अजून वाद रंगतात. आपण मदुरैचं पश्चिम गोपुर काढलं, असं खुद्द कृष्णरावांनी सांगितलं होतं. तंजावर या वादात नाही. बृहदीश्वराचं वैभव त्याच्या गाभाऱ्यावरच्या विमानात आहे, गोपुरं बुटकी. शिक्क्याच्या वर्तुळात उंच गोपुर शोभतं. ब्रीद आता तमिळमध्ये आहे, ‘वाय्मैये वेल्लुम्’, अर्थ सत्यमेव जयतेचाच. केंद्राच्या नियमांनुसार राज्याला आपल्या चिन्हात सिंह घ्यायचे असतील तर आराखड्याला दिल्लीची मंजुरी लागते. हे चिन्ह त्या नियमांपेक्षा अठ्ठावन्न वर्षांनी जुनं.

सेंगोलची गोष्ट याच परिसरातली. १४ ऑगस्ट १९४७ रोजी जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या तिरुवावडुतुरै मठाने नेहरूंना सोन्याने मढवलेला राजदंड दिला. २८ मे २०२३ रोजी तो लोकसभेत बसवला गेला. सत्तांतराचं अधिकृत प्रतीक तो होता का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. कायद्यात तर त्याला स्थानच नाही. संसद भवनाच्या माथ्यावरचे साडेसहा मीटर उंचीचे सिंह मात्र कोर्टात गेले. ते मूळ सिंहांपेक्षा उग्र दिसतात, म्हणून २००५च्या कायद्याचा भंग होतो, असा अर्ज सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. मला हा निकाल बरोबर वाटतो. सिंहाच्या चेहऱ्यावरचा भाव मोजायचं काम न्यायाधीशांवर टाकू नये.

बाहेरच्या जगातही चित्र फार निराळं नाही. पॅरिस कराराच्या ‘६-तेर’ या कलमाने १९२५ पासून सदस्य देशांची राजचिन्हं एकमेकांच्या देशांत व्यापारचिन्ह म्हणून नोंदता येत नाहीत; भारत या करारात १९९८ मध्ये आला. इंग्लंडमध्ये कुलचिन्हांचे तंटे सोडवणारं शौर्य-न्यायालय दोन शतकं झोपलेलं होतं, ते १९५४ मध्ये मँचेस्टर महापालिकेने जागं केलं, कारण एका नाट्यगृहाच्या कंपनीने पालिकेचं चिन्ह वापरलं होतं. पालिका जिंकली, त्यानंतर ते न्यायालय पुन्हा बसलेलं नाही. सगळीकडे एकच तऱ्हा. कायदा राखतो तो चालू सत्तेचा शिक्का, आणि तोही खोटेपणा थांबावा म्हणून.

ही तऱ्हा योग्यच आहे, असं माझं मत झालं आहे. शिवमुद्रा अनुसूचीत घाला, चोळांचा वाघ अनुसूचीत घाला, अशा मागण्या अधूनमधून भावनेच्या भरात होतात. तसं केलं तर पाठ्यपुस्तकवाल्याला, नाटकवाल्याला आणि तंजावरच्या त्या थाळीवाल्याला परवानगीसाठी दिल्लीला अर्ज करावा लागेल, आणि ज्याला गैरवापर करायचा आहे तो पाचशे रुपये खिशात ठेवूनच करील. कायद्याने आपल्या वाटणीचं एक काम नीट करावं. २००५च्या कायद्याखालच्या पूर्वमंजुरीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यापर्यंत खाली यावा, म्हणजे बोगस ओळखपत्रांवरचे सिंह उतरवता येतील. खटला भरायला केंद्राच्या कागदाची वाट पाहावी लागते, तोवर फलक जुना होऊन पडतो.

जुन्या मुद्रांची राखण वेगळी आहे आणि ती कायद्याच्या हाती नाही. तंजावरच्या मोडी रुमालांत भोसले राजांचे, राण्यांचे आणि कारभाऱ्यांचे ठसे पडून आहेत. तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले, हे काम महाराष्ट्रानेही पाहावं असं आहे. कोणत्या राजाची मुद्रा कशी होती, मोर्तब कुठे उठत असे, खोटा ठसा कसा ओळखला जाई, हे फोटो आणि वाचनासह मराठीत व तमिळमध्ये एकत्र छापलं गेलं पाहिजे. मोडी वाचणारे आपल्याकडे आहेत, आणि राजमुद्रेच्या नावाने मोर्चा काढणारेही पुष्कळ आहेत. पहिल्यांतल्या चार-सहा जणांना वर्षभर तंजावरला राहायची सोय दुसऱ्यांनी करून द्यावी. राज्य शासनाने केली तर उत्तमच.